घरी जाणारा कागद

डोळ्यांच्या रुग्णालयातून ऑपरेशन होऊन घरी जाणाऱ्या माणसाच्या हातात तीन गोष्टी पडायच्या: औषधाच्या दोन बाटल्या, काळा चष्मा आणि मोठ्या सिस्टरांनी लिहिलेला कागद. बाटल्या कुठल्याशा कंपनीच्या होत्या, चष्मा बाजारातला होता. कागद मात्र घरचा होता आणि मोठ्या सिस्टरांना त्याचा फार अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी तीन रविवार खर्ची घालून त्यांनी तो लिहिला होता. शाळेत असताना निबंधाचं पहिलं बक्षीस त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला मिळू दिलं नव्हतं. पण नंतरच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत लिहायला मिळालं ते एवढंच: ताप, रक्तदाब आणि 'पेशंट शांत झोपला'. त्यामुळे डॉक्टरबाई जेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, घरी जाणाऱ्या पेशंटसाठी काहीतरी लिहून द्या हो, तेच तेच सांगून माझा घसा बसतो," तेव्हा सिस्टरांनी सगळी हौस भागवून घेतली. कागद तीन पानांचा झाला, कलमं सव्वीस झाली. सुरुवातच अशी दणक्यात होती: 'मानवी नेत्र हा निसर्गाने मानवास बहाल केलेला अमूल्य ठेवा असून त्याचे जतन करणे हे प्रत्येकाचे आद्य कर्तव्य होय.' सिस्टरांचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याने पानाच्या चारी बाजूंनी नाजूक वेलबुट्टी काढून दिली. कागद छापून आला तेव्हा सिस्टरांनी तो पर्समध्ये घालून माहेरीसुद्धा नेला होता.

एकच गोष्ट त्यांना खुपायची. दुपारी दोन वाजले की वॉर्डातला फोन वाजायला लागायचा.

"सिस्टर, लाल झाकणाची बाटली आधी की निळ्या झाकणाची?"

"कागदावर लिहिलंय. कलम सात."

"सात? थांबा हं, चष्मा शोधतो."

"सिस्टर, डोक्यावरून आंघोळ कधी करायची?"

"कलम अकरा."

"अकरा मी वाचलं हो, पण ते समजलं नाही, म्हणून तर फोन केला."

लोक वाचतच नाहीत, हे सिस्टरांचं ठाम मत होतं. त्या ते येताजाता बोलून दाखवायच्या. आणि मग एक दिवस त्यांना असं माणूस भेटलं, की ज्याने कागद अगदी शब्दन् शब्द वाचला होता.

त्या होत्या पुस्तकं बांधणाऱ्या एक बाई, साठीच्या पुढच्या. ऑपरेशनला आठ दिवस झाले म्हणून तपासायला आल्या होत्या. बाकावर टेकल्या आणि त्यांनी आधी डोळा नाही, पोटऱ्या चोळायला घेतल्या.

"डोळा अगदी छान आहे," त्या म्हणाल्या, "पण पाय भरून आलेत."

"पायांना काय झालं?"

"तुमच्या बाटल्यांनी हो, सिस्टर."

सिस्टरांना काही कळेना. बाईंनी पिशवीतून जपून घडी घातलेला कागद काढला आणि कलम सातवर बोट ठेवलं. 'औषध क्रमांक एक व औषध क्रमांक दोन यांमध्ये किमान दहा मिनिटांचे अंतर राखावे.'

"माझी मुलगी माझ्यापासून चालत बरोब्बर दहा मिनिटांवर राहते. म्हणून एक बाटली माझ्याकडे ठेवली, दुसरी तिच्याकडे. एक थेंब घरी टाकते, चालत जाते, दुसरा तिकडे टाकते. दिवसातून चार वेळा. जावईबापूंना वाटलं, सासूबाईंना घरी करमत नाही. पहिले दोन दिवस बिचाऱ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, 'परत आलात?'"

डॉक्टरबाईंनी डोळा तपासला आणि हसू दाबत म्हणाल्या, "पहिला थेंब, मग दहा मिनिटं, मग दुसरा थेंब. दिवसातून चार वेळा, एकदाही न चुकता. सिस्टर, या वर्षात इतकं वेळच्या वेळी औषध घातलेलं पेशंट मी पाहिलेलं नाही!"

मग त्या मोठ्याने हसल्या, बाई हसल्या, रांगेतली माणसंही हसली. सिस्टर हसल्या नाहीत.

"तुम्हाला हे विचित्र नाही वाटलं?" त्यांनी विचारलं.

"वाटलं की! पण मी पुस्तकांतच जन्म काढलाय. म्हटलं, इतकं छान छापलंय, वेलबुट्टी काढलीय, तर काहीतरी कारण असेलच."

ते वाक्य सिस्टरांना लागलं. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या कागद घेऊन टेबलाशी बसल्या. अर्थ नीट कळला नाही, तर तो जास्त समजावून सांगायला हवा, असं त्यांना वाटलं. त्यांनी कलम सातला अ, ब, क अशी पोटकलमं जोडली. पोटकलम अ असं होतं: 'येथे अंतर या शब्दाचा अर्थ कालावधी असा घ्यावा, भौगोलिक अंतर असा घेऊ नये.' मग वाटलं, असाच घोटाळा आणखी कुठे व्हायला नको, म्हणून इतर कलमांनाही खुलासे आले. कागद चार पानांचा झाला. कलमं एकतीस झाली.

नवा कागद वाटायला लागून तीन दिवस झाले आणि फोन आला: "सिस्टर, भौगोलिक म्हणजे डोळ्याचा कुठला भाग?"

सिस्टरांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

त्याच आठवड्यात त्यांच्या सासऱ्यांचा नंबर लागला. सासरे, म्हणजे घरातले बाबा, चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. आळीत त्यांना अजून ड्रायव्हरसाहेबच म्हणत. रस्त्यावरच्या कुठल्याही पाटीवरचा नियम त्यांनी जन्मात मोडला नव्हता आणि सिस्टरांना कागदाचा होता तितकाच त्यांना त्याचा अभिमान होता. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, ऑपरेशन फुलासारखं हलकं झालं, आणि ते काळा चष्मा लावून, बाटल्या नि कागद घेऊन रुबाबात घरी आले. सिस्टरांची ड्यूटी होती, म्हणून नवरा त्यांना घेऊन आला.

दुपारी सिस्टर घरी पोचल्या तर बाबा दारातल्या पायरीवर बसून, पार गुडघ्यांपर्यंत वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते.

"बाबा!" त्या किंचाळल्याच. "वाकायचं नाही म्हणून लिहिलंय ना!"

बाबा दचकून सरळ झाले. "कुठे लिहिलंय?"

"कागदावर! वाचला नाहीत?"

"सकाळपासून वाचतोय," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढला, उजव्या डोळ्याजवळ नेला. "वाकू नका असं कुठेही नाही. हे बघ. 'रुग्णाने पहिला सप्ताह अधोमुख होऊ नये.'"

"मग? तेच तर!"

"तेच काय? अधोमुख होऊ नये म्हणजे तोंड पाडून बसू नये. मी कुठे तोंड पाडून बसलोय? मस्त मजेत आहे. चक्कर मारायला निघालोय. म्हटलं, सूनबाईने किती विचार केलाय, पेशंटने खुशीत राहावं असंसुद्धा लिहिलंय."

आतून सिस्टरांच्या नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला. सिस्टर पायरीवर बाबांच्या शेजारी बसल्या. त्यांना राग आला होता, पण कुणाचा हे सांगता येत नव्हतं. लोक वाचत नाहीत हे त्यांचं मत आता टिकणार नव्हतं. एक बाई चालून चालून दमल्या होत्या आणि आता हे बाबा. दोघांनीही मन लावून वाचलं होतं.

"बाबा," त्या म्हणाल्या, "डोळा अचानक खूप दुखायला लागला किंवा दिसायचं कमी झालं, तर काय कराल?"

"तुला सांगेन."

"मी घरी नसले तर?"

"कागदावर असेल की काहीतरी. पण मी दुसऱ्या पानापर्यंतच पोचलो. मग डुलकी लागली."

ते चौथ्या पानावर होतं. कलम एकतीस. सगळ्या कागदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती सिस्टरांनी शेवटी घातली होती, कारण निबंधात महत्त्वाचं शेवटी आलं की समारोप चांगला होतो. दोन वर्षांत किती जणांना दुसऱ्या पानावर डुलकी लागली असेल?

"आधी आत चला," त्या म्हणाल्या, "आणि नाड्यांचे बूट आठ दिवस बंद. दुखलं, लाल झाला, कमी दिसलं, तर लगेच रुग्णालयात फोन. हे तोंडीच सांगते."

"आता कळलं," बाबा म्हणाले. "एवढंच होतं होय?"

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळचं आवरल्यावर सिस्टरांनी बाबांसमोर बाटल्या आणि कागद ठेवला. म्हणाल्या, "बाबा, मोठ्याने वाचा आणि लिहिलंय तसं करा. चुकलं तर मी सांगते."

"तू नाही सांगायचंस," बाबा म्हणाले. "मला सांगशील गं तू, मी तुझ्याच घरात राहतो. बाकीच्यांच्या घरी काय तू जाणार आहेस? तिथे हा कागदच जाणार. तू तोंड मिटून बस."

सिस्टरांना तोंड मिटून बसणं कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चक्क पदराचं टोक तोंडात धरलं. बाबांनी वाचायला सुरुवात केली. 'अमूल्य ठेवा' मोठ्या आवाजात वाचून झालं, 'आद्य कर्तव्य' वाचून झालं. "बरं वाटलं ऐकायला," ते म्हणाले, "पण करायचं काय ते अजून आलं नाही." मग नेत्रबिंदू आले.

"'नेत्रबिंदू कोरड्या व थंड जागी ठेवावेत.'" बाबा थबकले. "हे कसं जमायचं? माझा नेत्रबिंदू तर ओलाच असतो."

सिस्टरांचे डोळे विस्फारले, पण त्या बोलल्या नाहीत. शेजारच्या वहीत त्यांनी लिहिलं: नेत्रबिंदू नाही, थेंब.

बाबांनी कलम सातप्रमाणे लाल झाकणाच्या बाटलीतला थेंब टाकायला डोकं मागे केलं. हात नुकतेच वर्तमानपत्र चाळून काळे झालेले. सिस्टरांनी झटकन त्यांचा हात धरला. हे काही गप्प बसून पाहण्यासारखं नव्हतं.

"हात धुवा आधी!"

"कुठे लिहिलंय?"

"कलम एकोणीस."

बाबांनी पानं उलटून कलम एकोणीस शोधलं. वाचलं. मग सुनेकडे बघितलं. "पोरी, वळण घेऊन झाल्यावर 'पुढे वळण आहे' अशी पाटी कधी पाहिलीस का? गाडी खड्ड्यात गेली असती की."

सिस्टरांना हसू आवरेना. पदराचं टोक सुटलं आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षं जपलेला अभिमान त्या हसण्याबरोबर थोडा ढिला झाला आणि त्यांना एकदम मोकळं वाटलं. त्यांनी बाबांना हात धुवायला लावले, दोन्ही थेंब नीट घातले आणि वही पुढे ओढली. दुपारपर्यंत वहीची तीन पानं भरली.

सोमवारपासून त्यांनी आणखी एक केलं. वॉर्डातल्या फोनशेजारी एक कोरी वही ठेवली आणि आलेला प्रत्येक प्रश्न, जसा विचारला तसा, लिहून घेतला. इतके दिवस प्रश्न आला की त्या कलमाचा आकडा सांगून मोकळ्या व्हायच्या. आता पहिल्यांदाच त्या ऐकायला लागल्या. पाच दिवसांत त्रेचाळीस फोन झाले. त्यातले एकोणीस फक्त एवढंच विचारत होते, की कुठली बाटली आधी. अकरा जणांना आंघोळीचं विचारायचं होतं. अमूल्य ठेव्याबद्दल एकानेही विचारलं नाही.

एका गृहस्थांनी फार संकोचून विचारलं, "सिस्टर, इथे लिहिलंय, 'नातेवाइकांनी रुग्णाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे.' तर ते तेल आम्ही आमच्या डोळ्यांत घालायचं की पेशंटच्या? आणि कोमट करून का?"

"कुणाच्याच डोळ्यांत घालू नका!" त्या ओरडल्या. "अजून नाही ना घातलंत?"

"नाही, म्हटलं आधी विचारावं."

त्या दिवशी सिस्टरांनी उरलेल्या सगळ्या कागदांवर ती ओळ स्वतःच्या हाताने, काळ्या शाईने खोडली.

आणि शुक्रवारी एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी हळू. "सिस्टर, तुमच्या कागदावर एक नाहीये. डोळ्याच्या ऑपरेशननंतर रडलं तर चालतं का?"

"का हो? काय झालं?" सिस्टर घाबरल्या.

"तसं नाही हो. मुलगा येतोय उद्या. सहा वर्षांनी. मी रडणार हे मला माहीतच आहे. म्हणून आधी विचारून ठेवते."

सिस्टर डॉक्टरबाईंकडे धावत गेल्या, विचारून धावत परत आल्या. "चालेल," त्या म्हणाल्या, "खुशाल रडा. फक्त डोळा चोळायचा नाही. स्वच्छ रुमालाने गाल टिपा, डोळा नाही."

"बरं झालं बाई," पलीकडून आवाज आला. "मला वाटलं, उद्या ओठ घट्ट दाबून बसावं लागतंय."

रविवारी सिस्टर पुन्हा टेबलाशी बसल्या. या वेळी जुन्या कागदाशेजारी एक कोरा कागद घेऊन. प्रत्येक वाक्यापाशी त्या स्वतःला एकच विचारत होत्या: हे वाचून माणूस काय करेल? 'हात साबणाने धुवा' वाचून हात धुवेल. 'लाल झाकण आधी, घड्याळात दहा मिनिटं जाऊ द्या, मग निळं झाकण' वाचून बरोबर थेंब टाकेल. 'मानवी नेत्र हा निसर्गाने मानवास बहाल केलेला अमूल्य ठेवा' वाचून काय करेल? मान डोलावेल. आणि ऑपरेशन झालेल्या माणसाने डोकं जितकं कमी हलवावं तितकं बरं.

तरी ते वाक्य खोडायला त्यांचा हात होईना. तीनदा पेन्सिल टेकवली, तीनदा उचलली. शेवटी उठून घोटभर चहा घेतला, परत येऊन ते वाक्य स्वतःच्या डायरीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं, खाली तारीख घातली, आणि मगच कागदावरून काढलं. खोडल्यावर जीव हळहळला. पण पाच मिनिटांनी त्या पुढच्या वाक्यात इतक्या गुंतल्या, की हळहळायचं राहूनच गेलं. 'आहारविषयक कोणतेही निर्बंध नसून' पासून सुरू होणारी सहा ओळींचं कलम चौदा 'खाणंपिणं नेहमीचंच' एवढ्यात बसलं तेव्हा त्या एकट्याच टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "झकास!" निबंधाच्या बक्षिसाच्या वेळीही त्यांना इतकी मजा आली नव्हती.

"डोळा दुखला, लाल झाला, कमी दिसलं, तर लगेच फोन करा" हे आता सगळ्यात वर आलं, फोनच्या नंबरासकट. मग हात धुणं, मग बाटल्या. आणि बाटल्यांखाली, फोनच्या वहीतून थेट उचललेलं: 'रडू आलं तर रडा. डोळा मात्र चोळू नका.'

राहता राहिली वेलबुट्टी. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"अहो," सिस्टर म्हणाल्या, "वेल काढून टाकावा लागेल."

"माझा वेल?"

"तो चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा खातो. तो गेला तर अक्षरं दुप्पट मोठी होतील. वाचणाऱ्याला एकाच डोळ्याने वाचायचं असतं."

नवरा आत गेला. अर्धा दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. चार वाजता तो परत आला आणि त्याने टेबलावर एक चित्र ठेवलं: दोन बाटल्या, एक लाल झाकणाची, एक निळ्या झाकणाची, आणि मधे एक घड्याळ, मोठा काटा दोनवर पोचलेला. बारापासून दोनपर्यंतची जागा पिवळ्या रंगाने भरलेली. शब्द एकही नाही.

सिस्टर चित्राकडे बघत राहिल्या. "हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी का नाही काढलंत?"

"तू वेल मागितलास."

खरंच होतं ते. कागद एका पानाचा झाला. बाबांनी तो मोठ्याने वाचला, लिहिलंय तसं केलं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत जागे राहिले. सिस्टरांना एकदाही तोंड उघडावं लागलं नाही.

डॉक्टरबाईंना कागद लगेच आवडला, पण छापायला व्यवस्थापकांची सही लागायची. व्यवस्थापक शिस्तीचे. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असायच्या. त्यांनी कागद दोन बोटांत धरला.

"सिस्टर, हे फारच साधं झालंय. 'रडू आलं तर रडा'? रुग्णालयाच्या कागदावर? लोक काय म्हणतील? आधीचा कागद किती भारदस्त होता. मी तो पाहुण्यांना दाखवायचो."

"साहेब, एक करता का?" सिस्टर म्हणाल्या. "एक डोळा झाका. समजा, तुमचं ऑपरेशन झालंय. दुपारचा थेंब टाकायला विसरलात. आता पाच वाजलेत. काय कराल? हा घ्या तुमचा भारदस्त कागद."

व्यवस्थापकांना नाही म्हणता येईना, कारण डॉक्टरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी डाव्या हाताने डोळा झाकला आणि उजव्या हाताने पानं उलटायला सुरुवात केली.

"नऊ... नाही, हे उशीसंबंधी आहे. चौदा... आहार. सतरा..." डोळा बदलला. "हां, सापडलं! कलम बावीस. 'अनवधानाने मात्रा वगळली गेल्यास तिची द्विरुक्ती करू नये.'" ते विजयाने वर बघून म्हणाले, "म्हणजे पुन्हा टाकायचा नाही!"

"चूक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठवला की टाकायचा. दोन एकदम टाकायचे नाहीत, एवढंच."

"मग तसं सरळ लिहायला काय झालं होतं?" व्यवस्थापक चिडले. "कुणी लिहिलंय हे?"

"मी," सिस्टर म्हणाल्या.

मग सिस्टरांनी नवा कागद पुढे केला. व्यवस्थापकांनी, डोळा अजून झाकलेलाच ठेवून, वाचलं: 'थेंब विसरलात? आठवला की टाका. एका वेळी दोन नको.' त्यांनी हात खाली घेतला. कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. 'रडू आलं तर'पाशी जरा थांबले. मग बारकी पेन्सिल बाजूला सारून पेन उचललं आणि सही केली.

"माझ्या आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे," सही वाळायची वाट बघत ते म्हणाले. "तिला वाचून दाखवायला मी घरी नसतो. हा बरा पडेल." आणि मग, सिस्टर दारापर्यंत गेल्यावर, "तसे आपले आणखी अकरा छापील कागद आहेत, सिस्टर. तुम्हाला रविवारी वेळ असतो ना?"

नवा कागद वाटायला लागून दुसरा आठवडा उजाडला. एका दुपारी तीन वाजले तरी वॉर्ड शांत. सिस्टरांनी फोन उचलून कानाला लावून पाहिला, बंद तर पडला नाही ना म्हणून. चालू होता. त्यांनी तो हळूच जागेवर ठेवला, खुर्चीत मागे टेकल्या, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ड्यूटीवर गरम असतानाच चहा प्यायल्या.

महिन्याने बाबांना शेवटच्या तपासणीला न्यायचं होतं. रुग्णालय पंधरा मिनिटांच्या वाटेवर. दोघं चालतच निघाले. डावा डोळा आता लख्ख झाला होता आणि बाबा तो वापरून संपवायचाच असल्यासारखे दिसेल ती पाटी वाचत होते. औषधाच्या दुकानाची, चाव्या बनवणाऱ्याची, भिंतीवरच्या जाहिरातीच्या तळची बारीक अक्षरंसुद्धा. बागेच्या फाटकापाशी ते थांबले. तिथे हिरवी, मोठी पाटी होती.

"'सदर उद्यानात प्रवेश करणाऱ्या सर्व नागरिकांस सूचित करण्यात येते की, उद्यानातील पुष्पे वा पर्णे तोडताना आढळणाऱ्या इसमांवर यथोचित कारवाई करण्यात येईल.'" बाबांनी एका दमात वाचलं. मग सुनेकडे वळले. "बोल. हे वाचून माणूस काय करेल?"

"बाबा, उशीर होतोय."

"दोन मिनिटं. काय करेल?"

सिस्टरांनी पाटीकडे पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं. "पाटी वाचून होईपर्यंत फूल तोडून मोकळा होईल," त्या म्हणाल्या.

बाबा खदखदून हसले. "मग काय हवं?"

"फुलं तोडू नका."

"बास?"

"'फुलं झाडावरच राहू द्या' केलं तर? नुसतं नको म्हटलं की हात शिवशिवतात."

"हां, हे गोड आहे! पण लांब झालं. 'झाडावरच' कशाला? फुलं झाडावरच असतात."

"असं कसं? बाबा, 'झाडावर' काढलंत तर फुलं राहू कुठे द्यायची?"

बाबा विचारात पडले. फाटकाशेजारचा बाक रिकामा होता. ते त्यावर बसले, त्यांनी खिसे चाचपले आणि हात पुढे केला. "पेन दे गं जरा."

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. मग पर्समधून पेन आणि पत्राचं एक जुनं पाकीट काढलं, पाकिटाची कोरी बाजू वर केली, आणि त्याही बाकावर टेकल्या.